मुलांच्या संघात मुलगी

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती जी नगरी वाढत गेली, तिच्यात महाराष्ट्र, आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब अशा नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. वैशाली नगर ही त्या नगरीतील एक वसाहत. अशा वसाहतीत मुलांचे खेळ प्रांताची वा भाषेची सीमा मानीत नाहीत, आणि एका विशिष्ट वयापर्यंत आणखी एक सीमाही मानीत नाहीत. लगोरी असो, लंगडी असो किंवा गल्लीतले क्रिकेट असो, गडी कमी पडला की समोरच्या घरातील मुलीला हाक मारली जाते. ती चेंडू अडविते की नाही, एवढेच काय ते पाहिले जाते. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास हे आपोआप थांबते. शाळेचा संघ निवडला जातो, त्या संघाच्या नावाआधी ‘मुलांचा’ हा शब्द लागतो, आणि कालपर्यंत पहिल्या क्रमांकावर फलंदाजीला येणारी मुलगी मैदानाच्या कडेला उभी राहते.

तिला मुलांच्या संघात खेळू द्यावे काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि त्याने निरनिराळ्या देशांतील न्यायालयांना काम पुरविले आहे, आणि आपल्याकडे तो प्रथम गाजविला तो एका मराठी मुलीने.

१९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची होती. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही बहिणी बुद्धिबळात निष्णात. १९७४ मध्ये भरलेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते अजिंक्यपद बहुतांशी याच घरात राहिले. रोहिणीने एकटीने ते पाच वेळा मिळविले. परंतु १९७६ मध्ये तिने जे केले ते यापूर्वी कोणत्याही भारतीय स्त्रीने केले नव्हते. ती पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. त्यावरून मोठे वादंग माजले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे तिची बाजू मान्य झाली. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स ऑयवे यांनीही निर्णय दिला की, स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही. हे ऑयवे स्वतः १९३५ ते १९३७ या काळात जगज्जेते होते. व्यवसायाने गणिताचे शिक्षक, आणि तेही अ‍ॅमस्टरडॅममधील मुलींच्या एका शाळेत. वर्गात मुलींना बीजगणित शिकविणाऱ्या माणसाला हा निर्णय देताना फारसे जड गेले नसावे. रोहिणीने त्या स्पर्धेत गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या विजेत्यांना पराभूत केले.

या प्रकरणात शरीराचा प्रश्नच नव्हता. प्यादे उचलण्यास स्नायूंचे बळ लागत नाही. घोडा अडीच घरे जातो तो कोणाच्याही हातून तितकाच जातो. म्हणून ज्या बंदीला रूढीशिवाय दुसरा आधार नसतो, ती कशी असते हे येथे स्वच्छ दिसते. मग बुद्धिबळात स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा तरी कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर संख्येत शोधावे लागते. एका गावात दहा माणसे आणि दुसऱ्यात हजार माणसे असतील, तर सर्वांत उंच माणूस हजारांच्या गावात सापडण्याचा संभव कितीतरी अधिक असतो, दोन्ही गावांची सरासरी उंची अगदी सारखी असली तरीही. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलींची संख्या मुलांच्या मानाने फार थोडी आहे, त्यामुळे अगदी शिखरावर मुली कमी दिसतात. जर्मनीतील खेळाडूंच्या गुणांकनावर आधारलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिखरावरील तफावतीचा फार मोठा भाग केवळ या संख्येने उलगडतो असे दाखविण्यात आले. सर्वच संशोधकांनी ते मान्य केलेले नाही. परंतु स्वतंत्र स्पर्धा ही मुलींना खेळाकडे ओढून आणणारी पायरी आहे, तिला मर्यादा समजण्याचे कारण नाही, ही गोष्ट रोहिणीच्या पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केली. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्या विजयाने तिला ‘ग्रँडमास्टर’ हा किताब मिळाला. हा किताब स्त्री-पुरुष दोघांनाही एकच आहे.

बुद्धिबळ सोपे उदाहरण झाले. आता नेमके उलट टोक घ्यावे, जेथे सारे काही शरीरावरच अवलंबून असते. १९५४ साली हमीदा बानू या उत्तर प्रदेशातील स्त्री-मल्लाने, जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू, असे जाहीर आव्हान दिले होते. त्याच वर्षी बडोद्यास बाबा पहिलवान याच्याशी तिची कुस्ती झाली आणि ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली निघाली. महाराष्ट्रात मात्र तिचे स्वागत वेगळ्या प्रकारे झाले. पुण्यास रामचंद्र साळुंके यांच्याबरोबर ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द करावी लागली. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला चीत केले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवून दगडफेक केली. तिने मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचे उत्तर असे होते की, कुस्त्या थांबविल्या त्या ती स्त्री आहे म्हणून नव्हे. तिच्यासमोर मुद्दाम कच्चे मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आल्या म्हणून. त्या तक्रारींत तथ्य असेलही. परंतु कच्च्या जोडी लावण्यावर उपाय म्हणजे बरोबरीची जोडी लावणे होय. कुस्तीच न होऊ देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दगड मारणाऱ्यांना जोडीच्या कच्चेपणाची चिंता होती, असे तर कोणी म्हणू नये.

अशा स्थितीत भावना बाजूला ठेवून शरीरशास्त्र काय सांगते हे पाहणे आवश्यक ठरते.

वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात, उडीत वा बळात जो फरक आढळतो तो थोडा असतो, आणि त्यातलाही काही भाग सरावाचा असतो, कारण मुलाच्या हाती चेंडू लवकर येतो. उलट एका बाबतीत मुली पुढे असतात. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींच्या बाबतीत साधारण बाराव्या वर्षी येतो, तर मुलांच्या बाबतीत चौदाव्या. सहावी-सातवीच्या वर्गाचे कोणतेही सामूहिक छायाचित्र पाहावे, मागच्या रांगेत मुली उभ्या दिसतील. हाडांची परिपक्वताही मुलींमध्ये लवकर येते.

या साध्या गोष्टीवरून अमेरिकेत मोठा वाद झाला. १९७२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील होबोकेन गावची मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी मुलांच्या बेसबॉल संघात निवडली गेली. ‘लिटल लीग’ ही त्या खेळाची मुलांसाठीची मोठी संस्था. तिने गावच्या शाखेची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली, आणि तीन सामने खेळून मारियाला संघ सोडावा लागला. सुनावणीत संस्थेच्या बाजूने, मुलींची हाडे मुलांच्या हाडांपेक्षा कमकुवत असतात, असा शास्त्रीय म्हणविणारा पुरावा पुढे करण्यात आला. त्या वयात तो टिकण्यासारखा नव्हता. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी १९७३ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने दिला. १९७४ मध्ये तो कायम झाला आणि संस्थेने आपले दार उघडले. मारियाचे वय तोवर उलटून गेले होते. चाळीस वर्षांनंतर, २०१४ मध्ये, त्याच संस्थेच्या जागतिक स्पर्धेत फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने प्रतिपक्षाला एकही धाव न देता सामना जिंकून दिला.

वयात आल्यानंतर चित्र पालटते, आणि ते पालटते हे लपविण्यात कोणाचेच हित नाही. मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागते; प्रौढ पुरुषाच्या रक्तातील त्याची पातळी स्त्रीच्या सुमारे पंधरापट किंवा त्याहूनही अधिक असते. त्यामुळे स्नायू भरतात, हाडे लांब व जाड होतात, आणि रक्तातील हिमोग्लोबिन वाढते. ते पुरुषांत सरासरीने सुमारे १२ टक्के अधिक असते. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारा हमालच. तो जितका अधिक, तितकी स्नायूंना रसद अधिक. परिणाम जागतिक विक्रमांत दिसतो. १०० मीटर धावण्याचा उसेन बोल्टचा विक्रम (२००९) ९.५८ सेकंदांचा, तर फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा (१९८८) १०.४९ सेकंदांचा आहे. लांब उडीत माइक पॉवेल (१९९१) ८.९५ मीटर, तर गालिना चिस्त्याकोवा (१९८८) ७.५२ मीटर. म्हणजे धावण्यात सुमारे दहा टक्के, उडीत सोळा टक्के. आणि जेथे खांदे व दंड यांचे बळ लागते तेथे अंतर याहूनही मोठे. अपवाद आहेत. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ली हिने इंग्लिश खाडी पोहून पार केली तेव्हा तिला तिच्या आधीच्या पाचही पुरुषांपेक्षा सुमारे दोन तास कमी लागले. परंतु अपवादांवरून नियम बांधता येत नाही.

तसाच तो केवळ सरासरीवरूनही बांधता येत नाही, आणि या वादाचे मर्म येथेच आहे. सरासरी ही कोणा एका मुलीची उंची नसते वा वेग नसतो. इंग्लंडमध्ये १९७८ साली अकरा वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण वरिष्ठ न्यायालयापुढे आले. ती फुटबॉल उत्तम खेळत असे, तिच्या वयाच्या मुलांना ती सहज भारी होती, आणि खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकालही दिला होता. लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फिरविला. त्यांच्यापुढील १९७५ च्या कायद्यात ‘सरासरी स्त्री’ आणि ‘सरासरी पुरुष’ यांची तुलना करावयास सांगितले होते. फुटबॉलमध्ये सरासरी स्त्री सरासरी पुरुषापुढे कमी पडते, तेव्हा ही मुलगी अकरा वर्षांची आहे ही गोष्ट गौण ठरली. प्रौढ माणसांच्या मोजमापाने एका बालिकेला मापले गेले. कायद्याचा अर्थ त्यांनी बिनचूक लावला असेल. कायदाच चुकीच्या मापाचा होता. पुढे २०१० च्या कायद्यात तेथील संसदेने दुरुस्ती केली: मुलांच्या बाबतीत त्यांचे वय आणि विकासाची अवस्था लक्षात घेणे योग्य होय, असे त्यात म्हटले आहे. तेथील फुटबॉल संघटनेनेही मिश्र संघांची वयोमर्यादा अकरा वर्षांवरून टप्प्याटप्प्याने अठरापर्यंत नेली.

तेव्हा सरासरी सोडावी आणि जो चांगला तो खेळेल असे म्हणून सर्वांसाठी एकच संघ ठेवावा काय? हा युक्तिवाद प्रथमदर्शनी अत्यंत न्याय्य वाटतो, पण तो एका गणिती खाचखळग्यात अडखळतो. दहावीच्या वर्गातील सर्वांत वेगवान मुलगी त्याच वर्गातील बहुतेक मुलांपेक्षा वेगाने धावते, हे कोणत्याही शाळेच्या मैदानावर पडताळून पाहता येईल. पण संघ बहुतेकांतून निवडला जात नाही. तो सर्वोत्तम अकरा जणांतून निवडला जातो. दोन गटांच्या सरासरीत थोडेच अंतर असले, तरी टोकाच्या निवडक जागांपाशी ते अंतर फुगते. परिणामी दीडशे मुलांपेक्षा सरस असलेली मुलगीही अकरांत बसेलच असे नाही. एकच संघ ठेवला तर तिच्यासारख्या चाळीस मुली खेळातून बाहेर पडतील, आणि कागदावर मात्र कोणालाही मज्जाव केलेला नसेल.

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मुलींचा स्वतंत्र संघ हे त्यांच्यासाठी राखलेले अंगण आहे. तेथे मुलांना प्रवेश नसणे हा भेदभाव नव्हे, कारण त्या अंगणाचे प्रयोजनच ते आहे. मुलांचा म्हणून ओळखला जाणारा संघ वस्तुतः सर्वांचा खुला संघ असावयास हवा, आणि ज्या मुलीची कुवत तेथवर पोहोचते तिला आत येण्यास हरकत नसावी. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकरच्या बाबतीत जे ठरले त्याचा अर्थ हाच होता. महिलांची स्पर्धा महिलांची राहिली. दुसरी स्पर्धा सर्वांची झाली. या दोहोंपैकी एकच सोय असली की काय होते, याचे उदाहरण नेमबाजीत आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ‘स्कीट’ हा उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याचा प्रकार स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होता, आणि त्यात चीनच्या झांग शानने सुवर्णपदक जिंकले. १९९६ मध्ये अटलांटा येथे तो केवळ पुरुषांचा झाला आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकारही ठेवला गेला नाही. तो आला २००० मध्ये, सिडनीस. कारणे काहीही असोत, ऑलिंपिक विजेतीला आपले पद राखण्यासाठी मैदानात उतरताच आले नाही.

तिसरा एक मार्ग आहे, तो म्हणजे खेळच असा रचावयाचा की दोघांनीही असल्याखेरीज तो पुरा होऊ नये. १९०२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचे शिक्षक निको ब्रूखाउसेन यांनी कॉर्फबॉल हा खेळ रचला. संघात चार मुले, चार मुली. मुलाने मुलाला अडवावे, मुलीने मुलीला. अंगाला धक्का लावावयाचा नाही. आणि समोरचा गडी आडवा असताना टोपलीत चेंडू टाकावयाचा नाही, त्यामुळे उंचीचा वरचष्मा पुष्कळसा निघून जातो. बॅडमिंटनची मिश्र दुहेरी १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. टोकिओच्या २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये ४ × ४०० मीटरची मिश्र रिले शर्यत प्रथमच धावली गेली. शाळांनी या प्रकारांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. लंगडी आणि लगोरी तर आपल्या अंगणातलीच आहेत.

दुखापतीची भीती हा पालकांचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप असतो. तो झिडकारण्यासारखा नाही, पण नीट तपासण्यासारखा आहे. कबड्डी, कुस्ती अशा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत पंधराव्या-सोळाव्या वर्षी वजन व बळ यांतील तफावत धोक्याची ठरू शकते. मात्र हा धोका मुलामुलांतही असतोच: तेराव्या वर्षी एखादा मुलगा पुरा वाढलेला असतो आणि त्याच वर्गातील दुसरा अद्याप बालकच असतो. म्हणून काही देशांत वयाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार गट पाडून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते हे खरे. पण ती इजा बहुधा टकरीत होत नाही. उडी मारून खाली येताना वा एकाएकी दिशा बदलताना होते, आणि उडीनंतर गुडघे वाकवून नीट उतरण्याच्या सरावाने ती पुष्कळ टाळता येते. हा सराव मुलींच्या संघातही तितकाच लागतो.

मुळात मुलगी मुलांच्या संघाचे दार का ठोठावते, हेही पाहावे. बहुधा दुसरे दारच नसते म्हणून. हरियाणातील रोहतकच्या शेफाली वर्माला क्रिकेट शिकविण्यास कोणी तयार होईना, तेव्हा तिचे केस कापून तिला मुलगा म्हणून मुलांत खेळविले गेले. नऊ वर्षांची असताना आजारी भावाच्या जागी ती पानिपतच्या स्पर्धेत खेळून आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला त्या अंतिम सामन्यात हीच शेफाली ८७ धावा आणि २ बळी घेऊन सामनावीर ठरली. फोगट भगिनी बलाली गावच्या आखाड्यात मुलांशी झुंजल्या, कारण झुंजावयास मुलीच नव्हत्या. उलट भिलाईला लागून असलेल्या दुर्गची सबा अंजुम २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला हॉकी संघात होती आणि पुढे तिने देशाचे नेतृत्वही केले. हॉकीत स्त्रियांसाठी जिल्ह्यापासून देशापर्यंत चढत जाणारी वाट होती. जेथे अशी वाट असते, तेथे तिच्यावरून चालणाऱ्या मुलीला वेष पालटावा लागत नाही.

शाळेच्या क्रीडाशिक्षकाला यातून काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही सांभाळाव्या लागतील. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, स्त्रियांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. व्हॉलीबॉलचे जाळे पुरुषांसाठी २.४३ मीटर, स्त्रियांसाठी २.२४ मीटर उंचीवर बांधतात. गोळाफेकीचा गोळा प्रौढ पुरुषांना ७.२६ किलोचा, स्त्रियांना ४ किलोचा. जी मुलगी वर्षभर मुलांबरोबर सराव करते आणि जिल्हास्तरावर मुलींच्या संघातून खेळते, तिचा हात एका वजनाला सवकलेला असतो आणि सामन्यात दुसरेच वजन हाती येते. तेव्हा तिला आठवड्यातून निदान दोन दिवस हलक्या चेंडूने गोलंदाजी करू द्यावी, आणि जाळे दोन्ही उंचींवर बांधता यावे म्हणून खांबांना दोन खुणा करून ठेवाव्यात.